सायकलचा टायर : दुरुस्त करावा की बदलावा?

सायकलचा टायर ही घरखर्चाच्या हिशेबात अगदी क्षुल्लक बाब. त्यामुळे तो खराब झाला की आपण फारसा विचार न करता निर्णय घेतो. कधी ‘महिनाभर चालेल’ म्हणून फाटका टायर तसाच वापरतो, तर कधी ‘कटकट नको’ म्हणून धडधाकट टायर भंगारात टाकतो. या दोन्ही चुका प्रस्तुत लेखकाने केल्या आहेत आणि त्यांतील एक फार महागात पडली आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलीची सायकल दुकानात नेली होती. दहावीचे वर्ष, पहाटेचा क्लास. सायकल ठीकठाक असावी एवढाच हेतू. दुकानातील काकांनी पुढचे चाक फिरवले, टायरची बाजू अंगठ्याने दाबली आणि तिथली इंचभर लांबीची चीर दाखवली. ब्रेकचे रबर रिमवर न बसता टायरला घासत होते. ‘‘साहेब, हा टायर आता काढून टाका,’’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘‘काका, पावसाळा होऊ द्या, मग दोन्ही एकदम बदलू. सध्या आतून तुकडा लावा.’’ त्यांनी नाराजीनेच तो लावला. दहाव्या दिवशी पुलाच्या उतारावर तो टायर फुटला. मुलगी हातावर पडली, मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. मागून येणारा रिक्षाचालक वेळीच थांबला, हे आमचे नशीब. क्ष-किरण आणि प्लॅस्टर यांवर जो खर्च झाला, त्याच्या दशांश रकमेत नवा टायर आला असता.

दुसरी चूक त्याआधीच्या वर्षीची. माझ्या स्वतःच्या सायकलची मागची ट्यूब एका आठवड्यात तीनदा पंक्चर झाली. टायर झिजला असणार असे गृहीत धरून मी तो बदलून टाकला. काकांनी जुना टायर उलटा करून आतून बोट फिरवले आणि चिमट्याने एक बारीक तार बाहेर काढली. तिन्ही पंक्चरे त्या एका तारेची होती. टायरला काहीच झाले नव्हते.

एका वेळी टायर बदलायला हवा होता, तो बदलला नाही. दुसऱ्या वेळी बदलायला नको होता, तो बदलला. निर्णय अंदाजाने घेतला की असे होते. टायर कशामुळे टिकतो आणि कशामुळे निकामी होतो, हे एकदा समजून घेतले तर हा निर्णय घेण्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

हवा ट्यूबमध्ये, ताण टायरवर

गंधकाबरोबर तापवलेले रबर उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाला १८३९ मध्ये आढळले. त्यानंतर रबराचे टिकाऊ चाक शक्य झाले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे चाक बसवले. त्यांनी रबराच्या नळीत हवा भरली आणि ती नळी कापडात गुंडाळून चाकाला पक्की केली. त्या पहिल्या प्रयोगातच टायरचे सारे रहस्य आहे. हवा धरून ठेवते ती रबराची ट्यूब. पण त्या हवेचा ताण सोसते ते कापड.

आजचा टायरही मुळात तसाच आहे. त्याचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग म्हणजे दोन्ही कडांमधून जाणारी पोलादी तार. ती टायरला रिमवर धरून ठेवते. दुसरा भाग म्हणजे या दोन तारांच्या दरम्यान ताणलेले सुती किंवा नायलॉनच्या धाग्यांचे कापड. हे धागे चाकाला तिरके जातात आणि त्यांचे थर एकमेकांना छेद देतात. तिसरा भाग म्हणजे या कापडावर चढवलेले रबर. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ते जाड असते आणि त्यावर नक्षी असते. बाजूंवर मात्र त्याचा केवळ पातळ थर असतो.

हवेचा ताण किती असतो? साधारण ३७ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये प्रति चौरस इंच ५० पौंड, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘पन्नास पौंड’ हवा भरली, तर टायरच्या कापडाच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीवर सुमारे साडेसहा किलोंचा ताण येतो. टायर जितका रुंद, तितका त्याच दाबाला हा ताण अधिक. म्हणजे टायरला घेरलगत इंचभर चीर गेली, तर सुमारे सोळा किलोंचा ताण सोसणारे धागे तिथे उरत नाहीत. तो भार शेजारच्या धाग्यांवर जातो, तेही एकेक करून तुटू लागतात आणि चीर वाढत जाते. शेवटी मोकळ्या जागेतून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फुटतो. आमच्या पुलाच्या उतारावर नेमके हेच घडले.

यावरून एक साधे सूत्र हाती येते. दोष ट्यूबमध्ये असेल तर दुरुस्ती, टायरच्या केवळ रबरात असेल तर बहुधा दुर्लक्ष, कापडात असेल तर विचार आणि तारेत असेल तर बदल.

आधी दोष शोधा

हवा गेली की पहिला संशय टायरवर घेऊ नये. ट्यूब बाहेर काढून हवा भरावी आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवावी. बुडबुडे जिथून येतात ते छिद्र. मात्र छिद्र सापडल्यावर लगेच ठिगळ लावण्याची घाई करू नये. ते ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे, कारण त्या जागेवरून कारण कळते.

छिद्र बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडील बाजूला असेल, तर काच, काटा, खिळा किंवा तार टायरमधून आत शिरली आहे. छिद्र आतल्या, म्हणजे रिमकडील बाजूला असेल, तर टायर निर्दोष आहे. रिममधील पट्टी सरकली असेल किंवा एखाद्या स्पोकचे टोक वर आले असेल. तिथे नवी पट्टी हवी, नवा टायर नव्हे. जवळजवळ, समांतर अशा दोन बारीक चिरा असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले आणि ट्यूब रिममध्ये चिमटली गेली, असे समजावे. व्हॉल्वच्या मुळाशी फाटले असेल, तर हवा कमी असल्यामुळे टायर आणि ट्यूब रिमवर सरकत होते. अशी ट्यूब मात्र बदलावीच लागते, कारण तिथे ठिगळ टिकत नाही.

यासाठी जाणकार एक छोटी युक्ती करतात. टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्वपाशी येईल असे बसवायचे. मग ट्यूबवर छिद्र सापडले की ते व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे, यावरून टायरमधील जागाही सापडते. त्या जागी टायर आतून तपासावा. नुसते बोट फिरवू नये, कारण काच बोटात शिरते; कापसाचा बोळा किंवा जुने फडके फिरवावे. बारीक तार किंवा काटा असेल, तिथे त्याचे धागे अडकतात. ही तपासणी न करता ट्यूब परत बसवली, की दुसऱ्या दिवशी त्याच जागी पंक्चर होते आणि आपण बिचाऱ्या टायरला दोष देतो.

कुठे दुरुस्ती पुरेशी

ट्यूबचे पंक्चर हे टायर बदलण्याचे कारण नव्हे. ट्यूब घासकागदाने खरखरीत करावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत काही मिनिटे सुकू द्यावा आणि मगच ठिगळ दाबून बसवावे. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ निघते, हे बहुतेक फसलेल्या दुरुस्तीमागचे कारण असते. नीट लावलेले ठिगळ ट्यूबच्या आयुष्यभर टिकते. एका ट्यूबला अमुकच ठिगळे असावीत, असा काही नियम नाही. ठिगळावर ठिगळ येऊ लागले किंवा ट्यूबचे रबरच चिकट आणि सैल झाले, की ती बदलावी.

टायरच्या जाड रबरावर दिसणारे बारीक छेदही घाबरण्यासारखे नसतात. वापरातल्या प्रत्येक टायरवर काचांचे असे व्रण असतात. छेदातील काच टोकदार वस्तूने काढून टाकावी, कारण ती तिथेच राहिली तर प्रत्येक फेऱ्यागणिक आत सरकते आणि पंधरा दिवसांनी ट्यूबपर्यंत पोहोचते. नंतर छेद बोटांनी फाकवून पाहावा. आतील धागे अखंड असतील तर टायर वापरण्यास योग्य आहे. खिळ्याने पडलेले एखादे बारीक भोकही चालते, कारण खिळा बहुतेक धागे तोडत नाही, बाजूला सारतो.

चाक फिरवताना टायर एका जागी वर उचललेला किंवा दबलेला दिसला, तरी लगेच तो टाकून देऊ नये. रिमच्या अगदी लगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती रेघ सर्वत्र रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली असेल किंवा फार वर आलेली असेल, तर टायर नीट बसलेला नाही, इतकेच. हवा काढून तो भाग हाताने जागेवर बसवावा आणि पुन्हा हळूहळू हवा भरावी. पण रेघ सरळ असूनही टायरवर गाठीसारखा फुगवटा असेल, तर तिथले धागे तुटले आहेत. अशा टायरवर घरापर्यंतही सायकल चालवू नये, हातात धरून आणावी.

आतून तुकडा : उपाय की उपचार?

खरी अडचण मधल्या अवस्थेत येते. छेद आरपार आहे, काही धागे तुटले आहेत, पण टायर बाकी उत्तम आहे. अशा वेळी दुकानात टायरच्या आतून जुन्या टायरचा पातळ केलेला तुकडा बसवतात. त्याला ‘गेटर’ असेही म्हणतात. हा तुकडा ट्यूबला छेदातून बाहेर येऊ देत नाही. त्याच्या कडा तासून पातळ केलेल्या असाव्यात. तशा नसतील तर त्याच कडा ट्यूबला घासून नवे पंक्चर करतात.

या उपायाची मर्यादा समजून घेतली पाहिजे. तुकड्यामुळे भोक झाकले जाते, पण तुटलेले धागे जोडले जात नाहीत. प्लॅस्टिकची बादली तापवून डाग देता येतो, तसे रबराच्या बाबतीत होत नाही. गंधकाने पक्के केलेले रबर पुन्हा वितळत नाही आणि शिवाय टायरचे बळ रबरात नसून धाग्यांत असते. म्हणूनच बाहेरून सोल्यूशन भरून चीर बुजवली, तर ती दिसेनाशी होते, बरी होत नाही.

अनुभवी कारागीर जो अंदाज पाळतात तो असा : रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा आरपार छेद असेल आणि टायर मागच्या चाकाचा असेल, तर आतून तुकडा लावून तो बऱ्यापैकी दिवस वापरता येतो. सेंटिमीटरच्या पुढे गेलेला छेद केवळ तात्पुरता सांभाळावा. बाजूच्या पातळ भागात मात्र याच्या निम्म्या छेदालाही क्षमा नाही. चाक रस्त्याला टेकते तेव्हा प्रत्येक फेऱ्यात टायरच्या बाजू वाकतात आणि सरळ होतात. तिथे आधार द्यायला जाड रबर नसते. त्यामुळे बाजूची चीर दिवसागणिक वाढते. मी नेमकी इथेच चूक केली. उपाय तोच होता; जागा मात्र चुकीची होती.

टायर शिवून घेण्याची पद्धतही जुनी आहे. चपला शिवणारे कारागीर मेणदोऱ्याने फाटलेला टायर सफाईने शिवतात. त्याने चीर काही काळ वाढत नाही, हे खरे. पण टाक्यांच्या भोकांतून पाणी आत जाते आणि दोऱ्याच्या गाठी ट्यूबला घासतात. म्हणून शिवलेल्या टायरलाही आतून अस्तर लागतेच. सावकाश चालवायच्या मालवाहू सायकलच्या मागच्या चाकाला हे एकवेळ चालेल. शाळकरी मुलांच्या सायकलला चालवू नये.

लांबच्या सहलीत, दुकान जवळ नसताना टायर फाटला, तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा सपाट केलेला तुकडा आतून ठेवला आणि हवा थोडी कमी भरली, की गावापर्यंत पोहोचता येते. हा मात्र प्रथमोपचार आहे. घरी आल्यावर टायर बदलायचाच, हे निघतानाच ठरवून ठेवावे.

जिथे बदलण्यास पर्याय नाही

काही लक्षणे दिसली, की चर्चा थांबवावी. कडेची पोलादी तार तुटली असेल किंवा रबर फाडून बाहेर डोकावत असेल, तर तो टायर दुरुस्त होत नाही. रिमवरची पकडच गेलेली असल्यामुळे तो चालत्या सायकलवरून अचानक निसटू शकतो. बाजूवर धागे उघडे पडले असतील, फुगवटा असेल, रस्त्याकडील भागात रबराखालचे कापड दिसू लागले असेल किंवा एकाहून अधिक ठिकाणी आरपार छेद असतील, तर टायरचे आयुष्य संपले आहे.

वयामुळे येणाऱ्या भेगांचा निर्णय थोडा नाजूक असतो. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते आणि त्यावर जाळीदार भेगा पडतात. नुसत्या पृष्ठभागावरच्या बारीक भेगा लगेच घातक नसतात. टायर बोटांनी वाकवून पाहावा : भेगेच्या तळाशी धागे दिसले किंवा रबराचे कण सुटू लागले, तर तो बदलावा. सुती धाग्यांच्या टायरमध्ये अशा भेगांतून पावसाचे पाणी शिरते आणि कापड कुजते. बाहेरून ठीक दिसणारा टायर मग एका खड्ड्यात फाटतो. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात उत्साहाने घेतलेल्या अनेक सायकली सोसायट्यांच्या वाहनतळांत धूळ खात उभ्या राहिल्या. त्यांचे टायर फारसे चाललेले नसतात, तरीही हवा नसताना सायकलचा भार एकाच घडीवर राहिल्याने बाजू चिरतात. अशी सायकल पुन्हा बाहेर काढताना नक्षी शाबूत आहे, यावर समाधान मानू नये, बाजू तपासाव्यात.

‘गोटा’ टायरचा गैरसमज

नक्षी गेली, टायरचा गोटा झाला, आता सायकल घसरणार, असे सर्रास म्हटले जाते. मोटारीच्या बाबतीत ते बरोबर आहे. वेगात जाणाऱ्या मोटारीच्या रुंद टायरखाली पाण्याचा थर अडकतो आणि चाक त्यावर तरंगू लागते. नक्षीतील खाचा ते पाणी बाहेर काढतात. सायकलचा टायर मात्र अरुंद, गोलसर आणि अधिक दाबाचा असतो. पन्नास पौंड दाबाचा टायर पाण्यावर तरंगण्यासाठी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग लागेल. तेव्हा डांबरी रस्त्यावर सायकलची पकड मुख्यतः रबराच्या गुणावर अवलंबून असते, नक्षीवर नव्हे. शर्यतीच्या सायकलींचे टायर तर मुळातच जवळजवळ गुळगुळीत असतात. माती, चिखल आणि खडी यांवर मात्र नक्षीचा उपयोग होतो.

पहिल्या पावसात सायकली घसरतात, त्याचे कारण रस्त्यावरचे तेल, पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि ओली लोखंडी झाकणे हे असते. तिथे नवा कोरा टायरही घसरतो. सरळ आणि सावकाश जाणे हाच उपाय.

मग गोटा झालेला टायर बदलायचा नाही का? बदलायचा, पण वेगळ्या कारणाने. नक्षीबरोबर रबराची जाडीही गेलेली असते आणि एरवी वरच्या थरातच अडकणारी काच आता थेट ट्यूबपर्यंत पोहोचते. म्हणून पंक्चरांचा हिशेब ठेवावा. दर वेळी पंक्चर एकाच जागी होत असेल, तर टायरमध्ये काहीतरी रुतले आहे, ते काढावे. दर वेळी जागा वेगळी आणि छिद्र बाहेरच्या बाजूने असेल, तर टायर पातळ झाला आहे. अशा टायरवर दर महिन्याला दोन-तीन पंक्चरांचे पैसे आणि वेळ घालवण्यापेक्षा तो बदलणे स्वस्त पडते. रस्त्याला टेकणारा भाग गोल न राहता सपाट झाला असेल, तर वेळ जवळ आली, असे समजावे.

पुढचा आणि मागचा

एकच दोष पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये सारखा धोकादायक नसतो. सायकलस्वाराचा अधिक भार मागच्या चाकावर असतो आणि पेडलचे बळही तेच रस्त्याला देते. त्यामुळे मागचा टायर बराच लवकर झिजतो. पण मागचा टायर फुटला, तर सायकल डगमगत का होईना, सरळ थांबवता येते. पुढचा फुटला, तर हँडलवरचा ताबाच जातो आणि सावरायला वेळ मिळत नाही.

यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. दुरुस्त केलेला टायर पुढच्या चाकाला कधीही ठेवू नये. मागचा टायर झिजला, की नवा टायर थेट मागे न घालता पुढचा सुस्थितीतला टायर मागे घ्यावा आणि नवा पुढे बसवावा. मजुरी थोडी अधिक जाते, पण पुढे नेहमी ताजा टायर राहतो आणि जुनाही पूर्ण वापरला जातो. अर्थात, दोन्ही चाके एकाच मापाची असतील तरच हे शक्य आहे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तोही पाहून घ्यावा.

नवा घेताना आकडा पाहा

‘सव्वीसचा टायर द्या’ एवढे सांगून भागत नाही. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ हे दोन्ही ‘सव्वीस’च, पण पहिला ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९ मिलिमीटर. अपूर्णांकात लिहिलेले माप आणि दशांशात लिहिलेले माप एकमेकांच्या जागी चालत नाही. म्हणून टायरच्या बाजूवरचा जोड-आकडा पाहावा. ३७-५९० म्हणजे रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमचा व्यास ५९० मिलिमीटर. जुन्या उंच काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ हा टायर ४०-६३५ असतो. गिअरच्या अनेक सायकलींना ‘सातशे सी’ मापाचे, म्हणजे ६२२ व्यासाचे टायर असतात आणि ज्यांना ‘एकोणतीस’ म्हणतात, त्यांचाही व्यास ६२२च असतो. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. रुंदीत मात्र थोडा फरक चालतो, पण टायर फ्रेमला किंवा मडगार्डला घासता कामा नये.

टायर चढवताना स्क्रूड्रायव्हरने कड ढकलू नये. बहुतेक नव्या ट्यूब याच क्षणी पंक्चर होतात आणि कडेची तारही दुखावते. बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली, की विरुद्ध बाजूला जागा मोकळी होते आणि शेवटचा भाग हातांनीच आत जातो. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, तर ती पिळली जात नाही.

जुना टायर जाळू मात्र नये. थंडीत शेकोटीसाठी टायर पेटवण्याची सवय आजही दिसते. त्याचा काळा, गंधकयुक्त धूर छातीला अपायकारक असतो. टायर दुकानदाराकडे दिला, तर त्याचे तुकडे इतरांच्या टायरला आतून लावण्यासाठी तरी उपयोगी पडतात. रबर कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरता येत नाही, हे लक्षात घेता चांगला टायर विनाकारण फेकणे हीसुद्धा एक प्रकारची उधळपट्टीच आहे.

मूळ दुखणे हवेचे

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक टायर काचेने मरत नाहीत, कमी हवेने मरतात. हवा कमी असली, की बाजू अधिक वाकतात, त्यांचे धागे थकतात, खड्ड्यात ट्यूब चिमटते आणि सायकल जड चालते ती वेगळीच. किती हवा भरावी, याचा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. त्या मर्यादेत, आपल्या वजनाप्रमाणे भरावी. पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू कमी होत असते, म्हणून आठवड्यातून एकदा पंप हातात घ्यावाच लागतो. साध्या सायकलींच्या व्हॉल्वमधील रबरी नळी जुनी झाली, तरी हवा टिकत नाही. ती काही रुपयांत बदलता येते. पुष्कळदा आपण ज्याला ‘बारीक पंक्चर’ समजतो, तो या नळीचा दोष असतो.

हवा भरताना चाक एकदा सावकाश फिरवावे. बाजूंवर चीर, फुगवटा किंवा उघडे धागे आहेत का आणि ब्रेकचे रबर टायरला टेकते का, एवढे पाहावे. ते टेकत असेल, तर पान्ह्याने सैल करून रिमच्या मध्यावर आणायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी दिली असती, तर तो टायर चिरलाच नसता.

थोडक्यात सांगायचे, तर छिद्र ट्यूबला असेल तर ठिगळ लावा. छेद केवळ वरच्या रबराला असेल तर काच काढा आणि निश्चिंत राहा. छेद जाड भागात आरपार पण लहान असेल, तर आतून तुकडा लावून टायर मागच्या चाकाला वापरा. बाजू फाटली, फुगवटा आला, धागे दिसले किंवा तार सुटली, तर टायर बदला. शंका उरली आणि टायर पुढचा असेल, तरीही बदला.

मुलीचे प्लॅस्टर निघून आता बरेच दिवस झाले. ती पुन्हा सायकलने जाते. दर रविवारी सकाळी चाक फिरवून टायर तपासण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. गेल्या महिन्यात तिने माझ्याच सायकलच्या पुढच्या टायरवर बोट ठेवले. ‘‘बाबा, इथे धागा दिसतोय.’’ मी या वेळी पावसाळा संपण्याची वाट पाहिली नाही.